मॅच आपली, मग पेपर कोणाचा?

पोस्टल ग्राउंडवर फुटबॉल संपला की वाद सुरू होतात. या वेळचा वाद मेस्सी-रोनाल्डोचा नव्हता. प्रश्न होता, आपलं विद्यापीठ संशोधनात कितवं? आणि ते मोजतं कोण?

संध्याकाळचे साडेसहा वाजले की यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर बॉल दिसेनासा होतो. मग मॅच थांबते, बूट निघतात, चहा येतो आणि तोंडं सुरू होतात. मेस्सी की रोनाल्डो हा वाद आता जुना झाला. त्या दिवशी एकाच्या मोबाइलवर नवीन भांडण आलं.

इंजिनीअरिंगचा एक पोट्टा स्क्रीन दाखवत म्हणाला, ‘‘हे पाय. एनआयआरएफची यादी. राज्य सरकारच्या विद्यापीठांमधी 2024 साली पुणे तिसरं होतं देशात. वर अण्णा विद्यापीठ, मंग जादवपूर. आपलं सांग कुठी हाय?’’

‘‘अबे, त्या रँकिंगचं का लोणचं घालतं?’’ गोलकीपर भडकला. ‘‘विद्यापीठाच्या टीममधी आपले पोट्टे खेळून रायले, थे दिसत नाई का तुले?’’

‘‘टीमनं नोकरी नाई भेटत.’’

‘‘अन् रँकिंगनं भेटते?’’

यावर बी.एस्सी. फायनलची एक पोरगी बोलली. ती विद्यापीठाची कलर होल्डर, लेफ्ट विंगला खेळते. ‘‘मले पुढं एम.एस्सी. करायची हाय. पुण्यात जाऊ का अमरावतीले, एवढंच सांगा. माह्या डिग्रीवर विद्यापीठाचं नाव राहीन. त्या नावाची किंमत लोक कशी ठरवतात, हे मले समजलं पाह्यजे.’’

मंडळी गप्प झाली, कारण प्रश्न खरा होता. घरी बापाने कापसाच्या पैशातून किती बाजूला काढायचे, हेही त्याच उत्तरावर अवलंबून होतं. म्हणून म्हटलं, चला, हा वाद जरा नीट खेळून बघू.

स्कोअरबोर्ड कोण लिहितो?

यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलडाणा हे पाच जिल्हे मिळून आपलं विद्यापीठ. 1983 साली ते नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. स्वतः शाळेत न शिकलेल्या आणि आयुष्यभर ‘पोरांना शिकवा’ असं गावोगाव सांगत फिरलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला असणं ही तशी मोठी गोष्ट आहे. पण रँकिंगमध्ये नावाला मार्क नसतात.

मार्क कशाला असतात? एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी. पहिली यादी 2016 साली आली. विद्यापीठांसाठी तिचे पाच निकष आहेत. शिकवणं आणि साधनसुविधा यांना 30 टक्के, संशोधनाला 30 टक्के, विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला 20 टक्के, सर्वांना सामावून घेण्याला 10 टक्के आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला 10 टक्के. खेळ हा यात स्वतंत्र निकष नाही.

संशोधन मोजायचं म्हणजे शोधनिबंध किती छापले, इतरांनी ते किती वेळा आधाराला घेतले आणि पेटंट किती मिळाली, हे बघायचं. ही मोजणी मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदसूच्यांवरून होते. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर निबंध म्हणजे गोलवर मारलेला शॉट आणि दुसऱ्याने त्याचा आधार घेणं म्हणजे गोल. शॉट शंभर मारले आणि गोल एकही नाही, तर स्कोअर शून्यच.

यात चीटिंग होते का? होते. पैसे द्या आणि काहीही छापून घ्या, अशी नियतकालिकं देशभर फोफावली. पीएच.डी.साठी निबंध छापणं सक्तीचं होतं तेव्हा तर हा धंदा जोरात होता. 2022 च्या नियमावलीत यूजीसीने ती सक्ती काढली. चुकीचे ठरल्याने मागे घेतलेले निबंध आता एनआयआरएफमध्येही अंगाशी येतात, 2025 पासून त्यांचे मार्क कापले जातात. थोडक्यात, रेफरीने कार्ड दाखवायला सुरुवात केली आहे.

गोलकीपरने विचारलं, ‘‘मंग आमचं मेडल कुठीच धरत नाई?’’ धरतात की! नॅक जेव्हा मूल्यांकनाला येतं, तेव्हा त्याच्या सात निकषांत ‘विद्यार्थ्यांना आधार आणि त्यांची प्रगती’ असा एक निकष आहे. त्यात विद्यार्थ्यांनी क्रीडा आणि सांस्कृतिक स्पर्धांत मिळवलेली पदकं मोजतात. म्हणजे कॉलेजच्या बोर्डावर जो ग्रेड झळकतो, त्यात घामाचेही काही थेंब असतात.

फुटबॉलच्या गॅलरीखाली अणुभट्टी

हा वाद काही फक्त यवतमाळचा नाही. अमेरिकेत तर तो शंभर वर्षं चालू आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा. बॉल लांबुळका आणि खेळ बराचसा हाताचा. पण कॉलेजच्या मॅचला तिथे एकेका मैदानावर लाखभर माणूस जमतं, आणि आपली टीम हरली की पोट्टे म्हणतात, ‘जाऊ दे, संशोधनात तर आम्ही पुढं आहोत!’

यातली सगळ्यात भारी गोष्ट शिकागो विद्यापीठाची. तिथला जे बर्वँगर हा खेळाडू 1935 साली कॉलेज फुटबॉलच्या हाइजमन ट्रॉफीचा पहिलाच मानकरी ठरला. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, 1939 साली विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी मोठ्या स्पर्धांचा फुटबॉलच बंद करून टाकला. त्यांचं म्हणणं, विद्यापीठाचं काम अभ्यासाचं आहे. स्टेडियम ओस पडलं. त्याच स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखाली 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या नियंत्रणाखालची पहिली अणुसाखळी अभिक्रिया घडवून आणली.

‘‘पाय बे, फुटबॉल बंद केला तवाच विज्ञान आलं!’’ इंजिनीअरिंगवाल्याला मुद्दा मिळाला.

थांब भाऊ, इतकं सोपं नाही. त्याच देशात मिशिगनसारखी विद्यापीठं फुटबॉलमध्येही दादा आहेत आणि संशोधनातही. म्हणजे एक ठेवायचं तर दुसरं सोडावं लागतं, असा काही नियम नाही. खरा धडा दुसऱ्या एका विद्यापीठाकडून घ्यायचा आहे.

नेब्रास्काचं दुखणं, आपलं दुखणं

नेब्रास्का हे अमेरिकेतलं शेतीचं राज्य. तिथे फुटबॉलचं वेड इतकं की लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या मैदानावर 1962 पासून घरच्या प्रत्येक मॅचला स्टेडियम भरलेलं असतं. 2011 मध्ये हे विद्यापीठ ‘बिग टेन’ या मानाच्या क्रीडागटात गेलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधनात आघाडीवर असलेल्या विद्यापीठांच्या संघटनेने त्याचं सदस्यत्व काढून घेतलं. ही संघटना 1900 साली 14 विद्यापीठांनी सुरू केली होती. तिथे असणं म्हणजे प्रतिष्ठेचा शिक्का.

नेब्रास्काचे लोक चिडले. त्यांची तक्रार अशी, की विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र ओमाहा शहरात, वेगळ्या कारभाराखाली आहे, म्हणून त्याचं संशोधन आमच्या खात्यात धरलं नाही. आणि शेतीच्या संशोधनाला मोजणीत वजनच कमी दिलं. शेतीच्या राज्यातून शेती आणि दवाखाना वजा केला, तर उरणार काय?

आता यवतमाळकडे बघा. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळात आहे, पण ते जोडलेलं आहे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. कापसावर, सोयाबीनवर, तुरीवर संशोधन होतं ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. ते 1969 पासून स्वतंत्र आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं शरीर एका खात्यात, शेत दुसऱ्या खात्यात, आणि ज्याच्यावरून आपण भांडतो ते अमरावती विद्यापीठ तिसऱ्या खात्यात. कोणाचीही चूक नाही, महाराष्ट्रात रचनाच तशी आहे. पण ‘आपल्याकडं संशोधनच होत नाई’ असं म्हणण्याआधी, कोणाचं संशोधन कोणत्या वहीत लिहितात ते बघायला हवं.

याहून मोठी गंमत पुढे आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी टीम निवडताना पाचही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे खेळाडू घेतात. पुसदचा डिफेंडर, वणीचा स्ट्रायकर, यवतमाळचा कीपर. छातीवर विद्यापीठाचं नाव, आणि गोल विद्यापीठाचा. क्रीडा क्षेत्रातली मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी विद्यापीठाला मिळते ती अशाच, कुठल्या कुठल्या कॉलेजांतल्या पोरांच्या जिवावर. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने ती 20 हून अधिक वेळा नेली आहे.

संशोधनात मात्र उलटं. एनआयआरएफमध्ये विद्यापीठ म्हणून मोजणी होते ती मुख्यतः विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची. संलग्न कॉलेजांची आकडेवारी विद्यापीठाच्या खात्यात धरत नाहीत, कॉलेजांची यादी वेगळी असते. यवतमाळच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाने रात्री जागून चांगला निबंध लिहिला, तरी ज्या यादीवरून आपण विद्यापीठाला नावं ठेवतो, तिथे तो दिसत नाही.

गोलकीपर हसला. ‘‘म्हंजे मी गोल वाचवला तर विद्यापीठाचा, अन् आमच्या सरनं पेपर लिहिला तर थो फकस्त कॉलेजचा?’’

बरोबर, तसंच काहीसं.

पण सबब म्हणून वापरू नका

इथवर ऐकून गोलकीपरची छाती फुगली. पण मोजणी अपुरी आहे म्हणून आपलं सगळं छान आहे, असं होत नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हा राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचा आणि कॉलेजांचा जुना आजार. तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस दोन-दोन कॉलेजांत धावतो, तो प्रयोगशाळेत कधी बसणार? शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घेणं आणि निकाल लावणं यातच विद्यापीठाची बरीच ताकद जाते. आपण मैदान सपाट नाही म्हणतो ते खरं, पण सरावही कमी आहे, हेही खरं.

आणि उंच नंबर म्हणजे सगळं काही, असंही नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचं उदाहरण बघा. 2013 साली टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत भारतातून ते सगळ्यात वर होतं, आयआयटींच्याही पुढे. एक मोठं कारण असं, की तिथले भौतिकशास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत सहभागी होते. त्या प्रयोगांच्या एकेका निबंधावर हजारो लेखकांची नावं असतात आणि जगभर त्यांचा आधार घेतला जातो. काम खरं होतं, मोठं होतं. पण 2015 मध्ये त्या यादीवाल्यांनी हजारापेक्षा जास्त लेखकांचे निबंध मोजणीतून बाजूला काढले. एक नियम बदलला, की स्कोअरबोर्ड बदलतो. खेळणारे मात्र तेच असतात. आणि हो, याच विद्यापीठाने आझाद ट्रॉफीही लागोपाठ तीन वर्षं जिंकली आहे. प्रयोगशाळा आणि ग्राउंड एकाच आवारात नांदू शकतात.

लांब कशाला, अमरावतीचंच बघा. 1914 साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. खेळ हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे आपल्या भागाला नव्वद वर्षांपूर्वी माहीत होतं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसोबत फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. 2022 मध्ये ‘झुंड’ सिनेमा आला तेव्हा आपल्याला कळलं. एका मास्तरने आपल्या ग्राउंडबाहेर काय चाललंय ते नीट बघितलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. संशोधनही अशाच बघण्यातून सुरू होतं.

वाघ आपला, कॉलर देहरादूनची

आपल्या भागात बघण्यासारखं काय आहे? भरपूर. लोणारचं विवर बुलडाण्यात, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने तयार झालेलं, जगभरातून अभ्यासक येतात असं. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, हे सांगितलं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला आणि तेलंगणात शिरून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे 3,000 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जगभर बातम्या झाल्या. विद्यापीठाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाघ पायी गेला! त्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर मात्र देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची.

यात पुणे किंवा देहरादूनला नावं ठेवायचं कारण नाही. त्यांनी काम केलं. पण आपल्या अंगणातले प्रश्न विचारायला नेहमी बाहेरच्यानेच यावं का?

आणि सगळेच प्रश्न वाघासारखे देखणे नसतात. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. विशेष तपास पथक नेमलं गेलं. माणसाच्या उंचीएवढी वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी कारणं तेव्हा पुढे आली. त्या वर्षी ज्यांच्या घरात फवारणीचा पंप होता, त्यांना ते दिवस विसरता येत नाहीत.

हा विषय निघाल्यावर गोलकीपर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘माह्या बाबा अजूनबी तोंडाले ओला दुपट्टा बांधून फवारते. मले लय दिवसापासून वाटते, ओल्या कपड्यानं औषध कमी जाते आंतमधी, का कपडा भिजून उलटं जास्त जाते? कोणी मोजलं असन का बे?’’

कोणालाच सांगता येईना. आणि तासाभरापूर्वी रँकिंगला लोणचं म्हणणाऱ्या पोराने त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला संशोधनाचा प्रश्न विचारला होता.

हीसुद्धा मॅच आहे

दोस्तहो, अशा प्रश्नांची मॅच खरंच भरते. महाराष्ट्रात 2006 पासून ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा होते. मानव्यविद्या, वाणिज्य, मूलभूत विज्ञान, शेती, तंत्रज्ञान, औषधशास्त्र अशा गटांत पदवीच्या पोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे उतरू शकतात. आधी विद्यापीठात निवड, मग राज्यावर. आणि इथे फुटबॉलसारखंच आहे. यवतमाळच्या, घाटंजीच्या किंवा उमरखेडच्या कॉलेजातलं पोरगं निवडलं गेलं, तर विद्यापीठाच्याच नावाने खेळतं. आपण अश्वमेधच्या टीमला टाळ्या वाजवतो, आविष्कारला कोण गेलं ते मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

आणि त्या लेफ्ट विंगवालीच्या प्रश्नाचं काय? पुणे की अमरावती? तिला आम्ही जमेल तेवढं सांगितलं, ते इथेही लिहितो.

विद्यापीठाचा नंबर बघा, पण तिथे थांबू नका. आपल्याला ज्या विषयात जायचंय तो विभाग बघा. तिथल्या प्राध्यापकांनी गेल्या पाच वर्षांत काय लिहिलंय ते नेटवर शोधा. छापणाऱ्याने पैसे घेऊन छापलेलं नाही ना, तेही तपासा. तिथे पीएच.डी. करणाऱ्या दोन-तीन जणांना भेटा आणि सरळ विचारा, की उपकरण चालू आहे का, गाइड वेळ देतात का, आधीची पोरं कुठे लागली. घरून महिन्याला किती लागतील ते मांडा. पुण्याला जावंसं वाटलं तर बिनधास्त जा, त्यात गावाशी गद्दारी नाही. आणि नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. ती फेलोशिप घेऊन तुम्ही अमरावतीतही बसू शकता आणि आपल्या कपाशीचा, आपल्या पाण्याचा प्रश्न हातात घेऊ शकता.

दोन दिवसांनी पुन्हा ग्राउंडवर गेलो. लेफ्ट विंगवालीचं अजून ठरलेलं नव्हतं. पण तिने रसायनशास्त्राच्या सरांना ओल्या दुपट्ट्याचा प्रश्न विचारला होता. सर म्हणाले, विषारी औषध लागणारच नाही, रंगाचं पाणी वापरून साधा प्रयोग रचता येईल, लिहून आण. गोलकीपरला तिने सांगून टाकलं होतं, ‘‘तीन-चार प्रकारचे दुपट्टे घेऊन ये. अन् प्रश्न तुह्या हाय, तर नाव तुह्यंबी टाकू.’’

‘‘माह्यं? अबे मी बी.ए.ले हाय!’’

‘‘मंग का झालं? बॉल कोण पास केला थेबी लिवतात.’’

तेवढ्यात कोणीतरी शिटी मारली आणि दोघंही धावत आत गेले. उजेड अजून अर्धा तास होता.